राजाजींच्या नेमणुका आणि त्यांचे जुने प्रतिस्पर्धी

लोकशाही राज्यपद्धतीत पदे दोन वाटांनी मिळतात. काही पदांवर माणसे मते मिळवून येतात, तर काही पदांवर त्यांना सरकार नेमते, आणि या दुसऱ्या वाटेने येणाऱ्याला कोणत्याही मतदाराला सामोरे जावे लागत नसल्यामुळे त्याच्याविषयीचा वाद मतपेटीतून न मिटता वर्तमानपत्रांतून, सभांमधून आणि पुढे कधीकधी न्यायालयांतून चालत राहतो. अशा वादात सर्वांत चढा स्वर बहुधा त्या माणसाच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचा असतो. हा प्रतिस्पर्धी एकेकाळी स्वतः सत्तेत किंवा सत्तेच्या जवळ वावरलेला असतो, नेमलेल्या माणसाबरोबर त्याने एका पक्षात काम केलेले असते, त्याचे गुणदोष जवळून पाहिलेले असतात आणि त्याच्याकडून कधीतरी मातही खाल्लेली असते. म्हणूनच त्याचा आक्षेप ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक ‘हे जुने वैर बोलते आहे’ असे म्हणून तो निकालात काढतात आणि उरलेले निम्मे ‘हा आतल्या गोटातला माणूस आहे, त्याला ठाऊक असणार’ असे म्हणून तो जसाच्या तसा स्वीकारतात. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. अशा आक्षेपात व्यक्तीविषयीची तक्रार आणि नेमणुकीच्या रीतीविषयीची तक्रार एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या केल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येत नाही. आणि हे वेगळे करण्यासाठी चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, यांच्या आयुष्यातील 1947 ते 1952 या पाच वर्षांइतके चांगले उदाहरण आधुनिक भारताच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

15 ऑगस्ट 1947 रोजी राजाजी पश्चिम बंगालचे पहिले राज्यपाल झाले. तेव्हा भारताची राज्यघटना अस्तित्वात नव्हती. 1935 च्या भारत सरकार कायद्यात आवश्यक ते फेरफार करून कारभार चालवला जात होता आणि त्यानुसार प्रांताच्या राज्यपालाची नेमणूक दिल्लीतील मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होत असे. त्या दिवशी नेमलेल्या किंवा पदावर कायम ठेवलेल्या राज्यपालांच्या नावांवरून नजर फिरवली तर त्या काळाची घडण लक्षात येते. मुंबईत सर जॉन कोलव्हिल आणि मद्रासमध्ये सर आर्चिबाल्ड नाय हे इंग्रज राज्यपाल राहिले, पूर्व पंजाबात चंदुलाल त्रिवेदी हे सनदी अधिकारी गेले, तर संयुक्त प्रांतात सरोजिनी नायडू, ओरिसात कैलासनाथ काटजू, बिहारमध्ये जयरामदास दौलतराम आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात मंगलदास पक्वासा अशी काँग्रेसची माणसे आली. राजाजींच्या नावाला मात्र उघड विरोध झाला आणि तो विरोध करण्यात शरच्चंद्र बोस, म्हणजे सुभाषबाबूंचे थोरले बंधू, अग्रभागी होते.

शरदबाबूंचा राग समजून घ्यायचा तर आठ वर्षे मागे, मार्च 1939 मध्ये, जबलपूरजवळच्या त्रिपुरी गावी भरलेल्या काँग्रेस अधिवेशनापाशी जावे लागते. त्याच वर्षीच्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी दुसऱ्यांदा उभे राहिले आणि गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभी सीतारामय्या यांचा त्यांनी सुमारे 200 मतांनी पराभव केला. काँग्रेस कार्यकारिणीच्या, म्हणजे पक्षाचा दैनंदिन कारभार चालवणाऱ्या मंडळाच्या, बहुतेक सदस्यांनी यानंतर राजीनामे दिले. त्रिपुरीला सुभाषबाबू तापाने फणफणलेल्या अवस्थेत पोहोचले; त्यांना उभे राहून भाषण करणे शक्य नव्हते, त्यामुळे त्यांचे अध्यक्षीय भाषण शरदबाबूंनी वाचून दाखवले. याच अधिवेशनात गोविंद वल्लभ पंत यांनी ठराव मांडला की अध्यक्षाने नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. निवडून आलेल्या अध्यक्षाचे हात बांधणारा हा ठराव होता आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत मद्रास प्रांताचे तत्कालीन पंतप्रधान राजाजी होते. (त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत.) नर्मदेच्या काठी भरलेल्या त्या सभेत त्यांनी दोन नावांचा दृष्टान्त दिला: एक नाव जुनी पण मोठी, तिचा नावाडी गांधीजी, दुसरी नवी आणि पताकांनी सजवलेली, पण तिला भोक पडले आहे हे आपल्याला ठाऊक आहे आणि तीत बसणारे सगळे बुडतील, कारण नर्मदा खोल आहे. आजारी भावाच्या उशाशी बसून त्याचे भाषण सभेपुढे वाचणाऱ्या माणसाच्या मनात तो दृष्टान्त कायमचा रुतला असेल तर त्यात नवल नाही.

एप्रिल 1939 च्या अखेरीस सुभाषबाबूंनी अध्यक्षपद सोडले आणि ऑगस्टमध्ये त्यांना तीन वर्षांसाठी पक्षातील निवडपदांना अपात्र ठरवण्यात आले. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या, म्हणजे बोस बंधूंच्या आणि राजाजींच्या, वाटा इतक्या वेगळ्या झाल्या की त्या एकाच पक्षाच्या इतिहासात बसतात यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. डिसेंबर 1941 मध्ये शरदबाबूंना ब्रिटिश सरकारने अटक केली आणि पुढची जवळपास चार वर्षे त्यांना बंगालपासून दूर, दक्षिणेत, त्रिचनापल्ली, मडिकेरी आणि कुन्नूर येथे स्थानबद्ध ठेवले. ऑगस्ट 1945 मध्ये विमान अपघातात सुभाषबाबूंचा मृत्यू झाल्याची बातमी आली तेव्हा ते कुन्नूरच्या कैदेत होते. याच काळात राजाजी तुरुंगाबाहेर होते, कारण 1942 च्या ‘चले जाव’ आंदोलनाला त्यांचा विरोध होता आणि मुस्लीम लीगची पाकिस्तानची मागणी तत्त्वतः मान्य करून लीगशी समझोता करावा, असा आग्रह धरल्यामुळे ते त्याच वर्षी काँग्रेसमधून बाहेर पडले होते. 1944 मध्ये त्यांनी मांडलेल्या सूत्रात मुस्लीमबहुल प्रदेशांत सार्वमत घेऊन फाळणीचा निर्णय घेण्याची तरतूद होती. राजाजींच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की लोकप्रियता पणाला लावून आपले मत मांडण्याचे हे धैर्य त्या काळी फार थोड्या नेत्यांत होते. पण बंगाल फुटू नये म्हणून 1947 च्या मे महिन्यात हुसेन शहीद सुऱ्हावर्दी यांच्याबरोबर अखंड, स्वतंत्र बंगालची योजना मांडणाऱ्या शरदबाबूंच्या दृष्टीने फाळणीची वाट प्रथम दाखवणारा काँग्रेसी नेता तोच होता.

या दोघांच्या संबंधात आणखी एक पेच आहे, जो सहसा सांगितला जात नाही. 2 सप्टेंबर 1946 रोजी जवाहरलाल नेहरूंच्या नेतृत्वाखाली जे हंगामी सरकार आले त्यात शरदबाबूंकडे बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती होती, तर राजाजींकडे उद्योग व पुरवठा खाते होते. म्हणजे त्रिपुरीनंतर सात वर्षांनी दोघे एका मंत्रिमंडळात शेजारी बसत होते. ऑक्टोबरमध्ये मुस्लीम लीग सरकारात आली, तेव्हा तिच्यासाठी ज्या तिघांना जागा मोकळी करावी लागली त्यांत शरदबाबू होते आणि राजाजी राहिले. 1947 मध्ये शरदबाबूंनी काँग्रेस सोडली आणि वेगळा पक्ष काढला. ज्या बंगालच्या ऐक्यासाठी ते धडपडले तो प्रांत फुटला आणि त्याच्या पश्चिम भागाच्या राजभवनात दिल्लीने राजाजींना पाठवले. शरदबाबूंच्या आक्षेपामागे वैयक्तिक सल नव्हता असे कुणी म्हणू नये. तो होता, आणि तो असण्याला सबळ कारणेही होती. पण त्यात एक सार्वजनिक प्रश्नही होता: ज्या प्रांताच्या सर्वांत लाडक्या नेत्याला ज्याने भर सभेत खाली खेचले, त्यालाच त्या प्रांताच्या प्रमुखपदी बसवताना दिल्लीने बंगालच्या भावनेचा विचार केला होता काय? या प्रश्नाला दिल्लीने उत्तर दिले नाही. विरोध निष्फळ ठरला आणि राजाजी कलकत्त्यात रुजू झाले.

पुढे जे घडले ते व्यक्तीविषयीच्या आक्षेपाला आचरणाने कसे उत्तर मिळू शकते याचा नमुना आहे. राजाजी रुजू झाले त्याच दिवशी कलकत्त्यातील राजभवनात, जेथे आदल्या दिवसापर्यंत सामान्य माणसाला पाऊल टाकता येत नव्हते, लोकांचे लोंढे शिरले आणि दालनांतून फिरत राहिले. गांधीजी तेव्हा बेलियाघाटातील हैदरी मंझिल या मोडकळीस आलेल्या घरात सुऱ्हावर्दींसह राहत होते. ऑगस्टच्या अखेरीस दंगल पुन्हा उसळली आणि 1 सप्टेंबरला गांधीजींनी उपोषण सुरू करायचे ठरवले, तेव्हा त्यांची समजूत घालायला राजाजी स्वतः त्या घरी गेले. गुंडांच्या विरोधात उपोषण करून काय साधणार, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. गांधीजींनी ऐकले नाही, उपोषण केले, आणि तीन दिवसांत शहर शांत झाल्यावर ते सोडले. राज्यपालाचा सल्ला चुकीचा ठरला, पण राज्यपाल दंगलग्रस्त वस्तीत जाऊन एका उपोषणकर्त्याशी वाद घालतो, हे दृश्य ब्रिटिश अमदानीत कल्पनेबाहेरचे होते. जानेवारी 1948 मध्ये प्रफुल्लचंद्र घोष यांच्या जागी बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री झाले तेव्हा तो बदल विधिमंडळातील काँग्रेस पक्षात घडला. राज्यपालाने आपल्या दालनात तो घडवला नाही. शरदबाबूंनी ज्या माणसाविषयी भीती व्यक्त केली होती त्याने बंगालमध्ये कुणावर सूड उगवला नाही आणि मंत्रिमंडळाच्या कामात लुडबुडही केली नाही. जून 1948 मध्ये राजाजी माउंटबॅटन यांच्या जागी भारताचे गव्हर्नर जनरल झाले आणि काटजू त्यांच्या जागी कलकत्त्यात आले. शरदबाबू आपल्या विरोधाच्या भूमिकेवर ठाम राहिले. 1949 मध्ये दक्षिण कलकत्त्याच्या पोटनिवडणुकीत त्यांनी काँग्रेसच्या उमेदवाराचा मोठा पराभव केला आणि फेब्रुवारी 1950 मध्ये त्यांचे निधन झाले.

दरम्यान जुन्या हिशेबांनी राजाजींना दुसऱ्यांदा गाठले होते, आणि या वेळी ते पराभूत झाले. प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्रपती राजाजी व्हावेत अशी नेहरूंची इच्छा होती, पण काँग्रेसच्या संसदीय वर्तुळात 1942 च्या आंदोलनातील त्यांची भूमिका पुन्हा उकरून काढण्यात आली. ज्यांनी त्या आंदोलनात तुरुंगवास भोगला होता त्यांना, तेव्हा बाहेर राहिलेला माणूस राष्ट्राचा प्रमुख होणे सहन होणारे नव्हते. अखेर राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती झाले.

मद्रासचा 1952 चा प्रसंग या दोन्हींपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे आणि आजच्या वाचकाला तोच अधिक शिकवणारा आहे. राज्यघटना लागू झाल्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मद्रास राज्याच्या 375 जागांच्या विधानसभेत काँग्रेसला 152 जागा मिळाल्या. तो सर्वांत मोठा पक्ष होता खरा, पण बहुमतापासून बराच दूर होता, आणि मावळते मुख्यमंत्री पी. एस. कुमारस्वामी राजा स्वतःच पराभूत झाले होते. कम्युनिस्ट पक्षाला 62 जागा मिळाल्या होत्या. कम्युनिस्ट, किसान मजदूर प्रजा पक्ष आणि इतर काही गट यांनी एकत्र येऊन संयुक्त लोकशाही आघाडी उभारली आणि आपल्यामागे बहुमत असल्याचा दावा केला. या आघाडीचे नेते होते टंगुटुरी प्रकाशम.

प्रकाशम यांना आंध्रात ‘आंध्रकेसरी’ म्हणत. 1937 च्या राजाजी मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री होते. 1946 मध्ये मद्रासचे पंतप्रधानपद राजाजींना मिळावे असे गांधीजींसह काँग्रेसच्या वरिष्ठांना वाटत असताना विधिमंडळ पक्षाने प्रकाशम यांची निवड केली. एका वर्षाच्या आत, मार्च 1947 मध्ये, स्वपक्षीयांनीच त्यांना पायउतार केले. पुढे त्यांनी काँग्रेस सोडली. म्हणजे राजाजींविषयी त्यांना काय वाटत असेल हे सांगण्यासाठी कुणा चरित्रकाराची गरज नाही. तरीही 1952 मधील त्यांच्या तक्रारीचा गाभा राजाजींच्या स्वभावात किंवा भूतकाळात नव्हता, आणि हीच गोष्ट तिला शरदबाबूंच्या तक्रारीपासून वेगळी काढते.

राजाजी 1952 ची निवडणूक लढलेच नव्हते. केंद्रीय गृहमंत्रिपद सोडून ते मद्रासला परतले होते आणि वयाची 73 वर्षे ओलांडून निवृत्तीच्या विचारात होते. कम्युनिस्टांच्या हाती राज्य जाऊ नये म्हणून स्थानिक काँग्रेस नेत्यांनी त्यांना गळ घातली. मग राज्यपाल श्रीप्रकाश यांनी त्यांना 1 एप्रिल 1952 रोजी विधान परिषदेवर नेमले आणि 10 एप्रिलला मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. येथे दोन घटनात्मक तरतुदी समजून घेणे आवश्यक आहे. विधान परिषद हे राज्य विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह असून, घटनेच्या अनुच्छेद 171 नुसार साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतील विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना राज्यपाल तिच्यावर नेमू शकतो. अनुच्छेद 164 नुसार विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीला सहा महिने मंत्री राहता येते, पण त्यानंतर सदस्यत्व मिळवावे लागते. या दोन तरतुदी एकत्र जोडल्या की एक अशी वाट तयार होते की, ज्या माणसाने मतदारांपुढे उभे राहण्याचे टाळले आहे तो राज्यपालाच्या सहीने सभागृहात येतो आणि त्याच राज्यपालाच्या निमंत्रणावरून राज्याचा प्रमुख होतो. राजाजी साहित्यिक आणि समाजसेवक होते याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्यांची रामायण-महाभारतावरील पुस्तके आजही वाचली जातात. प्रश्न असा होता की, साहित्यासाठी राखलेली खुर्ची सत्तास्थापनेसाठी वापरावी काय, आणि आघाडीने बहुमताचा दावा केलेला असताना अल्पमतातल्या पक्षाच्या निवडून न आलेल्या नेत्याला आधी बोलवावे काय.

या प्रश्नाचे वजन विरोधकांपुरते मर्यादित नव्हते. खुद्द नेहरूंना ही रीत रुचली नव्हती; काहीही करून आपल्यालाच सत्ता हवी आहे आणि इतरांना दूर ठेवायचे आहे, अशी छाप काँग्रेसविषयी पडू नये, अशी चिंता त्यांनी श्रीप्रकाश यांना पत्रातून कळवली होती. कम्युनिस्ट आमदार पी. राममूर्ती यांनी मद्रास उच्च न्यायालयात नेमणुकीला आव्हान दिले. मुख्य न्यायाधीश पी. व्ही. राजमन्नार आणि न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांच्या खंडपीठाने या नेमणुकीने याचिकाकर्त्याचे व्यक्तिशः काही नुकसान झालेले नाही, अशा कारणावरून ती याचिका फेटाळली. म्हणजे न्यायालयाने रीत योग्य आहे असे म्हटले नाही. प्रश्न विचारणाऱ्याला तो विचारण्याचा अधिकार नाही, एवढेच म्हटले. 3 जुलै 1952 रोजी राजाजींनी विधानसभेत 200 विरुद्ध 151 मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला, आणि त्यांच्या समर्थकांच्या मते तेथे विषय संपला.

तो संपला नव्हता, असे इतिहासाचा पुढील प्रवाह पाहता म्हणावे लागते. सभागृहातील मतदानाने राजाजींना बहुमत मिळवता येते हे सिद्ध झाले. पण एप्रिल ते जुलै या काळात मुख्यमंत्रिपद हाती असताना ते मिळवण्याची संधी त्यांना मिळाली आणि प्रकाशम यांना मिळाली नाही, ही असमानता त्या मतदानाने पुसली जात नाही. कलकत्त्याच्या प्रसंगात आक्षेप माणसावर होता, म्हणून माणसाच्या वागणुकीने तो विरला. मद्रासमध्ये आक्षेप वाटेवर होता, आणि त्या वाटेने आलेला माणूस कितीही सचोटीचा आणि कर्तबगार असला तरी वाट तशीच राहते. पुढच्या वेळी तिच्यावरून कुणीही चालत येऊ शकतो. राजाजींच्या चाहत्यांनी प्रकाशम यांच्या बोलण्याला आयुष्यभराच्या चढाओढीचा शेवटचा अंक मानले, तेव्हा त्यांच्या हातून हा भेद निसटला. वैर जुने होते, प्रश्न नवा होता. प्रकाशम यांची स्वतःची वाटचाल या भेदाला आणखी टोक देते. 1 ऑक्टोबर 1953 रोजी वेगळे आंध्र राज्य झाले तेव्हा ते पुन्हा काँग्रेसमध्ये आले आणि त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर 1954 मध्ये, दारूबंदीच्या प्रश्नावर, त्यांचे सरकार एका मताने पडले, आणि त्यांच्याविरुद्ध मत देणाऱ्यांत दोन वर्षांपूर्वी मद्रासमध्ये त्यांना नेता मानणारे कम्युनिस्टही होते. या वेळीही विरोधकांना सरकार बनवण्यासाठी न बोलावता राष्ट्रपती राजवट आली. माणसे इकडची तिकडे झाली, वाटेचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

महाराष्ट्राचा या कथेशी असलेला संबंध केवळ योगायोगाचा नाही. श्रीप्रकाश हे पुढे 1956 मध्ये मुंबई राज्याचे राज्यपाल झाले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले तेव्हा त्याचे पहिले राज्यपाल तेच होते. 1939 मध्ये सुभाषबाबूंकडून पराभूत झालेले पट्टाभी सीतारामय्या 1952 ते 1957 या काळात मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते, आणि त्या राज्याची राजधानी 1956 पर्यंत नागपूर होती. अनुच्छेद 171 ची वाट तर महाराष्ट्राने अलीकडेच जवळून पाहिली: 28 नोव्हेंबर 2019 रोजी मुख्यमंत्री झालेले उद्धव ठाकरे विधिमंडळाचे सदस्य नव्हते, करोनाच्या साथीमुळे निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, आणि एप्रिल 2020 मध्ये मंत्रिमंडळाने त्यांना परिषदेवर नेमण्याची शिफारस राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांना केली. अखेर परिषदेची निवडणूक झाली आणि ठाकरे मे महिन्यात बिनविरोध निवडून आले. पण ज्या आठवड्यांत शिफारस राजभवनात पडून होती त्या आठवड्यांत मद्रासच्या 1952 च्या नेमणुकीचा दाखला पुन्हा पुन्हा दिला गेला.

मुळात राज्यपाल नेमावा की निवडावा याविषयी घटना समितीचे मत बदलले होते. 1947 मध्ये प्रौढ मताधिकाराने राज्यपाल निवडण्याची कल्पना स्वीकारली गेली होती. मे 1949 मध्ये ती सोडून राष्ट्रपतींनी राज्यपाल नेमावा असे ठरले. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री यांच्यात दोन सत्ताकेंद्रे उभी राहतील ही भीती त्यामागे होती, आणि राजकारणाच्या धकाधकीत फारसे न पडलेल्या, बाहेरच्या प्रांतातील मान्यवर व्यक्तींना या पदावर आणता येईल अशी अपेक्षाही नेहरूंनी व्यक्त केली होती. ही अपेक्षा प्रत्यक्षात फार थोड्या वेळा पूर्ण झाली, कारण केंद्रातील पक्षाला निवडणुकीत हरलेल्या, गटबाजीत बाजूला पडलेल्या किंवा सन्मानाने दूर ठेवायच्या नेत्यांसाठी जागा हव्या असतात आणि राजभवन ही तशी सोयीची जागा आहे.

1967 नंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली तेव्हा हा प्रश्न पक्षापक्षांतील संघर्षाचा झाला. तमिळनाडूच्या द्रमुक सरकारने केंद्र-राज्य संबंधांचा अभ्यास करण्यासाठी 1969 मध्ये जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद निवृत्त मुख्य न्यायाधीश राजमन्नार यांच्याकडे होते, ज्यांच्या खंडपीठाने 1952 ची याचिका फेटाळली होती. 1971 च्या अहवालात या समितीने राज्यपालाची नेमणूक राज्याच्या मंत्रिमंडळाशी किंवा एखाद्या उच्चाधिकार मंडळाशी विचारविनिमय करूनच व्हावी अशी शिफारस केली. केंद्राने 1983 मध्ये नेमलेल्या सरकारिया आयोगाने अधिक तपशिलात जाऊन सांगितले की, राज्यपाल बाहेरच्या राज्यातील, तटस्थ आणि नजीकच्या काळात राजकारणात फारसा भाग न घेतलेला असावा. केंद्रात सत्तेवर असलेल्या पक्षाच्या राजकारण्याला विरोधी पक्षाच्या राज्यात पाठवू नये. आणि मुख्यमंत्र्यांशी विचारविनिमय व्हावा. शरदबाबूंनी 1947 मध्ये विचारलेला प्रश्न, म्हणजे ज्या प्रांतात माणूस पाठवायचा त्या प्रांताचे मत घ्यायचे की नाही, हा आयोगाच्या शिफारशींत शासकीय भाषेत परत आलेला दिसतो. सल जुना होता म्हणून त्याच्यातला सार्वजनिक भाग खोटा ठरला नव्हता.

या शिफारशी कायद्यात उतरल्या नाहीत आणि त्याची किंमत लहान राज्यांनी अधिक मोजली. गोव्यात एप्रिल 1994 मध्ये राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी विल्फ्रेड डिसोझा यांना हटवून रवी नाईक यांना मुख्यमंत्री केले. काही दिवसांतच ते पाऊल मागे घ्यावे लागले आणि राज्यपालांना पद सोडावे लागले. फेब्रुवारी 2005 मध्ये राज्यपाल एस. सी. जमीर यांनी मनोहर पर्रीकर यांचे सरकार बरखास्त केल्यावर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. दरम्यान केंद्रात सरकार बदलले की आधीच्या सरकारने नेमलेले राज्यपालही बदलायचे, ही नवी रूढी पडत गेली होती: 1990 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात सर्वच राज्यपालांकडून राजीनामे मागवले गेले आणि जुलै 2004 मध्ये उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा येथील राज्यपालांना मुदतीआधी हटवण्यात आले. या शेवटच्या निर्णयाविरुद्ध दाखल झालेल्या याचिकेवर 7 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला. राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो हे खरे असले तरी ती मर्जी मनमानी पद्धतीने काढून घेता येत नाही, आणि राज्यपालाचे विचार केंद्रातील पक्षाच्या विचारांशी जुळत नाहीत किंवा केंद्राचा त्याच्यावर विश्वास उरलेला नाही एवढ्यावरून त्याला हटवता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. राज्यपालाला काढण्याच्या वाटेवर अशा प्रकारे काही कुंपण आले. त्याला नेमण्यापूर्वी संबंधित राज्यात कुणाशी बोलायचे आणि बोलायचे की नाही, हे मात्र 1947 प्रमाणेच दिल्लीतील मंत्रिमंडळाच्या इच्छेवर सोपवलेले आहे.